दाभाड्यांचं जित्राब

पोळ्याच्या दिवशी आमच्या औषध कंपनीत दाभाडे सांडपाण्याच्या टाकीला पुरणपोळीचा नैवेद्य दाखवतात.

कंपनी बिडकीनजवळ. मी प्रयोगशाळेत, दाभाडे सांडपाणी विभागाचे प्रमुख. टाकीतले जिवाणू घाण खातात, मगच पाणी बाहेर सोडता येतं. आम्ही त्यांना जिवाणू म्हणतो. दाभाडे शेतकऱ्याचं पोर, ते म्हणतात, “माझं जित्राब.” गुराढोरांना म्हणावं तसं.

नमुना घ्यायला गेलं की दटावतात, “हळू मॅडम, चरतंय.” हवेचा पंप अडखळला तर, “धाप लागली बघा त्याला!” दिवाळीत सगळे गावी, हे मात्र गुळाची ढेप घेऊन कंपनीत. “तुमच्या सुट्टीपायी त्यानं उपाशी ऱ्हायचं व्हय?”

गेल्या उन्हाळ्यात उत्पादनवाल्यांनी घाईत अँटिबायोटिकच्या भांड्यांचं धुवण थेट टाकीत सोडलं. जंतू मारायचंच औषध ते. टाकीवर पांढरा फेस आला, वास सुटला. दाभाड्यांनी बाहेर जाणारा कॉक बंद केला आणि समोर खुर्ची टाकून बसले. टाकी तुडुंब भरली, तसे मॅनेजर धावत आले.

“माल अडकलाय, दाभाडे! कंपनी तुमची का माझी?”

“कंपनी तुमची साहेब, गोठा माझा. भिंतीपल्याड लोकांच्या विहिरी हायेत. हे पाणी नाय सोडणार.”

“नोकरी जाईल.”

“जाऊ द्या.”

शेवटी उत्पादन थांबलं. खराब पाणी वेगळ्या टाकीत काढलं. दाभाडे शेण-गूळ कालवून टाकीत ओतत राहिले. जेवणावर लक्ष नाही. रोज संध्याकाळी गावाकडून फोन यायचा, तोही उचलेनात.

एका संध्याकाळी मायक्रोस्कोपखाली वळवळ दिसली. मी ओरडलेच, “दाभाडे, उठलं तुमचं जित्राब!”

त्यांनी डोळा लावला. बराच वेळ बघत राहिले. मग बाजूला होऊन फोन लावला.

“व्हय दादा, चारलं. पाणीबी पाजलं. आता जेवा तुम्ही.”

फोन खिशात ठेवत ते म्हणाले, “वडील. रान कारखान्यांत गेलं, बैलं विकली. म्हाताऱ्याच्या ध्यानातच ऱ्हात नाय. जित्राबाला चारल्याबिगर स्वतः धड जेवत नाय.”

त्यांनी चष्मा पुसला.

“जित्राब उपाशी, मग फोन कसा उचलायचा? बापाशी खोटं कसं बोलावं, मॅडम?”