बाल्कनीची खोली आणि दोनशे बारा सभासद

जहाज कसं निवडावं हे मला विचारा! आमच्या पंचक्रोशीत या विषयात माझ्याइतका अभ्यास कुणाचाही नाही, हे मी छातीठोकपणे सांगते. समुद्र मी अजून पाहिलेला नाही, ती गोष्ट वेगळी.

मी वहिदा. कळंबपासून दोन मैलांवर आमचं गाव आणि गावच्या चौकात आमचं पेंडीचं दुकान. दुकान यांच्या नावावर, म्हणजे आमच्या इमामभाईंच्या. पण गल्ल्यावर बसते मी, कारण हे गावच्या दूध संस्थेचे चेअरमन. फोन सतत कानाला. यांचा कान आणि फोन एकत्रच जन्माला आले असावेत, असा मला संशय आहे. कुणाच्या दुधाला फॅट कमी लागली, यांना फोन. कुणाची गाय अडली, यांना फोन. एकदा तर कुणाची तरी बायको माहेरी निघून गेली, तरी यांना फोन!

लग्नानंतर पाचव्या दिवशी हे मला उजनीचं पाणी दाखवायला घेऊन गेले होते. मच्छीमाराची होडी ठरवली. मी होडीत एक पाय टाकला, दुसरा काठावर होता, तेवढ्यात सायकलवरून एक जण धापा टाकत आला. "इमामभाई, संस्थेचं फॅटचं मशीन बंद पडलंय!"

झालं. आम्ही परत. तो माझा दुसरा पाय पंचवीस वर्षं काठावरच आहे.

म्हणून लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला लेकीनं, आसियानं, पुण्याहून फोन केला, "अम्मी, काय पाहिजे?" तेव्हा मी एका दमात सांगितलं, "तुझे अब्बा. दोन दिवस. पाण्यावर. फोनशिवाय."

"क्रूझ!" ती म्हणाली. "तिकीट मी काढते. जहाज तू निवड. अब्बांना सांगू नकोस."

मी वही काढली. आता जहाज निवडायचं म्हणजे काय करायचं? सोपं आहे. म्हैस घेताना आपण काय बघतो? वय, खाणं, चाल आणि खोड. तेच चार रकाने आखले. पहिलं जहाज 'सागरसम्राट'. वय अठरा. रंग देऊन तरुण केलेलं. खाणं भरपूर, चाल बरी, खोड म्हणजे दोन्ही रात्री मोठ्यानं गाणी. दुसरं 'नीलपरी'. वय सहा, अंगानं भरलेलं, स्वभाव शांत. मनात भरलं!

मग खोल्या. आतली खोली: खिडकीच नाही. अहो, आमच्या भुशाच्या खोलीला झरोका आहे! खिडकीची खोली: खिडकी आहे, पण उघडत नाही. सगळ्यात वरचा थाटाचा स्वीट: त्यात बसायची खोली वेगळी. ती मी लगेच खोडली. वेगळी बसायची खोली मिळाली, तर हे तिथं मीटिंग भरवतील! राहिली बाल्कनीची. दोनच खुर्च्या, समोर पाणी, तिसऱ्या माणसाला जागाच नाही. हीच!

इथपर्यंत सगळं उत्तम चाललं होतं. पण एका सकाळी मी जहाजवाल्यांना फोन लावला. माझे हात पेंडीनं भरलेले, म्हणून फोन स्पीकरवर. आणि समोर शकुबाई पेंडीचं पोतं घ्यायला उभी. शकुबाई म्हणजे दोन म्हशी, एक जीभ आणि अख्खं गाव.

"मॅडम, बंदर सुटलं की मोबाईलला रेंज नसते," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"अजिबात न्हाय?"

"अजिबात नाही, मॅडम."

"म्हणजे कुणीच फोन करू शकत न्हाय? मधीच उतरता पण येत न्हाय?"

"समुद्रात कसं उतरणार, मॅडम?"

"मग हेच पायजे!" मी आनंदानं ओरडले. "आणि माणसं किती मावतात तुमच्यात?"

"अठराशे, मॅडम. दहा खोल्या एकत्र घेतल्या, तर एक खोली मोफत."

"दहावर एक फुकट? थांबा, विचार करते!"

विचार कसला करणार होते मी? आम्ही दोघं! पण फुकट म्हटलं की आपण 'विचार करते' म्हणतोच ना? तिनं काही विशेष आहे का विचारलं, तेव्हा आवाज बारीक करून मी म्हटलं, "लग्नाला पंचवीस वर्षं झालीत." ती म्हणाली, "मग खोली सजवून देऊ, केक आमच्याकडून." नेमकं हे शेवटचं शकुबाईनं ऐकलं नाही. पोतं तिथंच टाकून ती केव्हाच निघून गेली होती.

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. बारा दिवसांवर दूध संस्थेची निवडणूक होती. आणि आमच्याकडे निवडणूक आली की पॅनेलवाले आपापली मतं गाडीत घालून लांब कुठंतरी नेतात. त्याला 'सहल' म्हणायचं. समोरच्यानं फोडू नये म्हणून फोन काढून घ्यायचे, खाऊपिऊ घालायचं आणि मतदानाच्या सकाळी थेट केंद्रावर आणून उतरवायचं. आता मला सांगा, चेअरमनची बायको भर दुकानात विचारतेय, रेंज नाही ना, उतरता येत नाही ना, माणसं किती मावतात! गाव दुसरा काय अर्थ काढणार?

दुपारपर्यंत दुकानात रांग लागली. पेंड कुणालाच नको होती.

"भाभी, मी आजपासून तुमच्याच पॅनेलची," शकुबाई म्हणाली. "फकस्त मला खिडकीची खोली द्या. आतल्या खोलीत माझा जीव गुदमरतो."

"कसली खोली, शकुबाई?"

"व्हय व्हय, तुमी आत्ताच बोलू नका. समजलं मला." तिनं डोळा मारला!

मागून जोतीराम पुढं आला. हा बसमध्ये बसला की पाटसला पोचायच्या आत उलटी करतो. "भाभी, मला खालच्या मजल्यावर द्या. आणि माझ्या म्हशी संध्याकाळी माझ्याशिवाय कुणाला धार देत न्हाईत. त्यांची सोय बोटीत हाय का?"

"अरे, कसली सोय! कुणी कुठं जात न्हाय!"

"बघा, कशी गुप्तता राखतात," जोतीराम मागच्यांना कौतुकानं म्हणाला.

मी जितकं नाही म्हणत होते, तितकी त्यांची खात्री पटत होती. त्यातच आदल्या दिवशी मी बारामतीहून चाकांची बॅग आणलेली. ती दारात उभी. गावानं ती बघितली आणि पुरावा म्हणून तिचा फोटो काढला.

हा फोटो पोचला हिंदुरावतात्यांकडे. तात्या समोरच्या पॅनेलचे पुढारी. हे आणि तात्या शाळेत एका बाकावर बसत, एका डब्यात खात. मागच्या निवडणुकीत तात्या पडले आणि तेव्हापासून दोघांत बोलणं बंद. निरोप द्यायचा तर आमची गाय छकुली तात्यांच्या शेतात शिरायची, आणि तात्या तिला हाकलताना मोठ्यानं बोलायचे. हे बांधावर उभं राहून ऐकायचे. असा सगळा व्यवहार!

संध्याकाळी तात्यांनी जाहीर केलं, "इमामभाई खिडकी देत असंल, तर आमी सरसकट बाल्कनी देणार!"

गाव हादरलं. दुसऱ्या दिवशी चावडीसमोर बायका माझी वही वाचत होत्या. कुणी फोटो काढून पसरवली होती, अल्ला जाणे. शकुबाई सगळ्यांना समजावून सांगत होती, "सम्राट थकलंय गं. नीलपरी घ्या, अंगानं भरल्याली हाय." शेजारच्या रतनचं म्हणणं, समुद्र नको, पण जेवण तेवढं बोटीतलं इथंच आणा. सभासद दोनशे बारा, आणि दोनशे अकरा जणांच्या दारात चाकांच्या बॅगा! बारामतीत बॅगा संपल्या, इंदापूरहून आणल्या.

दोनशे बारावी सभासद मी, माझी बॅग तर आधीपासूनच दारात होती. मी सभासद, कारण छकुली माझ्या नावावर आहे.

त्या दिवशी हे घरी आले ते पांढरेफटक. "वहिदा, मी दोनशे माणसं समुद्रावर नेणार हाय म्हणं! मला कुणीच सांगितलं न्हाय!"

मग मी सगळं सांगितलं. वही, आसियाचं तिकीट, बाल्कनी, दोन खुर्च्या. तिकीट कालच निघालं होतं, येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारचं. यांनी वही पुढं ओढून बाल्कनीच्या ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "दोनच खुर्च्या?"

"दोनच."

"आणि रेंज?"

"न्हाय."

यांच्या चेहऱ्यावर भीती आणि आनंद दोन्ही एकदम दिसले. पंचवीस वर्षांत मी एवढं कधी बघितलं नव्हतं. "येतो मी," हे म्हणाले. "कायपण होऊ दे, येतो." खरं सांगते, त्या क्षणी मला वाटलं, जहाज नाही निघालं तरी चालेल.

आणि बघा, माझं वाटणं लगेच कुणीतरी ऐकलं!

सभासद आता दोन्ही पुढाऱ्यांच्या मागं लागले होते. बोट कधी? जो बोट देणार नाही, त्याला मत नाही! तात्यांनी स्वतः कधी नदीपलीकडं पाय टाकलेला नाही, ते दोनशे बाल्कन्या कुठून आणणार? शेवटी संस्था काढणारे मानसिंगआबा काठी टेकत आमच्या दुकानात आले. नव्वदीचे, ऐकू स्वच्छ येतं. त्यांनी दोघांनाही बोलावून पेंडीच्या पोत्यांवर समोरासमोर बसवलं.

"निवडणूक झाली तर तुमी दोघंबी बुडणार. बोटीबिगर बुडणार," आबा म्हणाले. "बिनविरोध करा."

"चालंल," तात्या माझ्याकडं बघत म्हणाले, "पण छकुलीला सांगा, हा चेअरमन नको."

"आणि छकुलीला म्हणावं, ह्योबी नको," हे म्हणाले.

आबांनी काठी आपटली. "मग ज्या डोक्यातनं बोट निघाली, त्या डोक्याला चेअरमन करा!"

 सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. मी पाठीमागं बघितलं. मागं सरकी पेंड होती.

"मी? आबा, मला काय कळतंय संस्थेतलं?"

"भाभी, पंचवीस वर्षं चेअरमन घरात न्हाय म्हणून लोकांची गाऱ्हाणी कोण ऐकतंय?" आबा म्हणाले. "तूच न्हवं का?"

मला नाही म्हणायचं होतं. तोंडही उघडलं होतं. पण तेवढ्यात जोतीरामनं टाळी वाजवली, शकुबाईनं माझ्या गळ्यात पडून सांगितलं, "खिडकी दिली न्हाय तरी चालंल," आणि, आता लपवून काय उपयोग, मला जरा बरंही वाटलं!

अर्ज मागं घेतले गेले, संचालक बिनविरोध झाले, त्यात मी. चेअरमन निवडीची सभा निवडणुकीच्या साहेबांनी लावली. वार शनिवार. वेळ सकाळी अकरा.

जहाज सुटायचं त्याच शनिवारी, मुंबईहून, दुपारी!

मी आसियाला फोन केला. "अम्मी, पैसे परत मिळत नाहीत. तारीख बदलत नाही. फक्त प्रवाशाचं नाव बदलतं."

हा फोन मी आबांसमोर स्पीकरवर लावायला नको होता. आबांचे डोळे लकाकले. "बेस झालं! निवडीच्या दिवशी इमाम आन हिंदुराव गावात असले, तर सभेत गोंधळ घालणार. ह्यांनाच सहलीला पाठवा! फोनला रेंज न्हाय, मधीच उतरता येत न्हाय. दोघं एकमेकांवर नजर ठेवतील!"

सगळ्यांना पटलं. मी सोडून सगळ्यांना. पण नवी चेअरमन पहिल्याच दिवशी भांडली असं कसं दिसलं असतं?

तर शनिवारी सकाळी माझी चाकांची बॅग घेऊन हे निघाले, आणि शेजारी हिंदुरावतात्या. जीपमध्ये दोघांच्या मध्ये चटणी-भाकरीचं गाठोडं, सरहद्दीसारखं.

अकरा वाजता मी चेअरमन झाले. हार, पेढे, फोटो. संध्याकाळी गर्दी पांगली आणि मी त्या मोठ्या खुर्चीत एकटी बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. व्हिडिओ कॉल! यांचा!

"अहो, रेंज न्हवती ना?"

"वायफाय हाय! बोटीवरच्या पोरीनं लावून दिलं!"

पडद्यावर बाल्कनीची खोली. गुलाबी फुगे. एकच मोठा पलंग, त्यावर पाकळ्यांचा बदाम, आणि टॉवेलचे दोन हंस एकमेकांच्या चोचीला चोच लावून. कडेला पांढऱ्या झग्यात हिंदुरावतात्या, मिशीला केक लागलेला. बोलणं सुरू झालं होतं, कारण ते यांना म्हणत होते, "इमाम्या, केक कापताना त्या पोरांनी आपल्यासाठी गाणं म्हटलं, तवा तू लाजलास का रं?"

तात्या झोपायला आत गेल्यावर हे बाल्कनीत आले. फोन फिरवून मला पाणी दाखवलं. पाणीच पाणी. मग दुसरी खुर्ची दाखवली. रिकामी होती. तिच्यावर यांनी माझी शाल घडी घालून ठेवली होती. ती बॅगेत तशीच राहून गेली होती.

"वहिदा," हे म्हणाले, "आलो की तुला उजनीला नेतो. होडीत. फोन घरी ठेवून. येत्या रविवारी, पक्कं!"

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पंचवीस वर्षं ज्याची वाट बघितली, तेच वाक्य! मी होय म्हणणारच होते, पण समोर टेबलावर संस्थेची नवी डायरी उघडी होती आणि माझी नजर तिच्यावर गेली.

"अहो," मी म्हटलं, "रविवारी न्हाय जमणार. फॅटच्या मशीनला माणूस येणार हाय."

पलीकडं यांनी फोन फिरवला आणि मला पुन्हा ती रिकामी खुर्ची दाखवली.

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मशीन खरंच बंद पडलंय हो!