मुलाकडच्यांचा बाक

"बोटीवर कोण कुणाला चालायला लावणार?" असं अतुल म्हणला, आणि स्वतःच्याच डोक्यावर लई खूश झाला.

अतुल बिडकीनच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर दुसऱ्यानं बनवलेल्या नटबोल्टात चुका काढायच्या, हे काम. स्वतःच्या प्लॅनमधे मात्र त्याला आजवर एकबी चूक सापडलेली नाय! वय अठ्ठावीस. घरात मुली बघणं चालू होतं. बायोडाटावरून सोयगावच्या सुकेशनीशी फोन सुरू झाला. ती तिथल्या एका जिनिंगमधे वजनकाट्यावर. कापसाच्या गाड्या येणार, ही वजन करणार, पावती फाडणार. तिसऱ्या फोनपर्यंत अतुलचं काम तमाम! डब्यातली भेंडी खातानाबी एकटाच हसायचा.

चौथ्या फोनला तिनं अट सांगितली.

"बघायला या, पोहे खा, नाव-गाव विचारा, काय बी विचारा. पण आधी चार जण येऊन गेले, आणि चौघांनीबी मला उठून चालून दाखव म्हणलं. एकानं तर परत माघारी चालवलं! बाजारात म्हशीलाबी एकदाच चालवतात. पाचव्यांदा कुणी म्हणलं ना, तर तिथंच संपलं. मग तुम्ही कितीबी चांगले असा."

"छे छे! आमच्याकडं असलं काय नाय!"

इथं अतुल खोटं बोलला. त्याच्याकडं असलं सगळं होतं, आणि ते एकाच बाईत होतं. रत्नमाला आत्या, मुक्काम कन्नड! अतुलची आई गेल्यावर आत्यानंच त्याला वाढवलं, त्यामुळं तिचा शब्द शेवटचा. खानदानात सहा सुना तिनं पसंत केल्या, सहाच्या सहा चालवून. एकीला तर जिना चढवला होता! आणि आत्याला जाऊन सांगावं, "या मुलीला चालायला लावू नको," तर ती पहिला प्रश्न हाच विचारणार, "का? पायात काय हाय तिच्या?"

म्हणून बोट!

शहराच्या कडंला एका तलावावर नवीन बोट सुरू झाली होती. 'बावन्न दरवाजे जलसफर'. चाळीस मिनिटं. आपल्या शहरातले दरवाजे थर्माकोलचे करून पाण्यात बांबूवर उभे केलेले, बोट त्यांच्या मधून फिरणार, स्पीकरवर माहिती. बावन्न म्हणायला बावन्न. थर्माकोल नऊवरच संपलं होतं. प्रत्येकाला एक लाइफ जॅकेट आणि एक मनसबदाराचा तयार फेटा, सोनेरी तुऱ्यासकट!

"चालू बोटीत उभं राहायला मनाई हाय," अतुल वडलांना म्हणला. "बोर्डच लावलाय लाल अक्षरात. आत्या काय कपाळ चालवणार?"

"बघ बाबा," वडील म्हणले. बिभीषणराव गेली तीस वर्षं घरात येवढंच बोलतात.

रविवारी चार वाजता सगळे तलावावर. मुलीकडचे तिघं: सुकेशनी, तिची आई सुलेखाबाई आणि सांडूमामा. मुलाकडचे अकरा! अतुलनं पाच सांगितले होते. आत्यानं कन्नडहून जीप भरून आणली. शिवाय एक पिशवी. पिशवीत साडी, पेढे, फुलांचे दोन हार. म्हणजे मुलगी चालली की तिथल्या तिथं उरकायचं! लाइफ जॅकेटचे पट्टे आत्याला पुरेनात, तर तिनं ते शालीसारखं खांद्यावर टाकलं. फेटा मात्र घट्ट बसवला. हत्तीवरून आल्यासारखी दिसत होती.

जय भीम, जय भीम झालं. बोटीत समोरासमोर दोन लांब बाक. बोटवाले कलीमभाई सगळ्यांना मोजून बसवायला लागले.

"देखो अंकल, ये बॅलन्स का काम है. सात इधर, सात उधर. बीच में कोई उठना नक्को!"

"ऐकलं का आत्या? उठायचं नाय!" अतुल आनंदानं ओरडला.

बोट सुटली. कलीमभाई मागं मोटरीवर. पाण्यात जलपर्णी माजलेली, त्यांचं सगळं लक्ष तिच्यात.

आणि इथंच घोळ सुरू झाला. सात-सात करताना मुलाकडचे चार जण मुलीकडच्या बाकावर गेले होते. आता तुम्हीच सांगा, बघायच्या कार्यक्रमात मुलाकडचा माणूस मुलीच्या आईला खेटून बसतो का? थोरले काका आधी चुळबुळले. मग हळूच बाकाच्या कडंला घसरत, ओणवं होत, समोरच्या बाकावर आले.

"नाय म्हणलं, तिकडं बरं दिसत नाय," ते पुटपुटले.

एक गेला की दुसऱ्याला काटे टोचतात. काकू गेल्या. मेहुणे गेले. चौथ्याला एकट्याला करमंना, तो बी आला. अकराच्या अकरा मुलाकडच्या बाकावर, मांडीला मांडी लावून! समोर तिघं, ऐसपैस.

"मेहरबान, कदरदान!" स्पीकर गरजला. "डाव्या हाताला पाहा, रंगीन दरवाजा!"

सुलेखाबाईंनी पोहे दिले, थर्मासमधून चहा दिला. अतुलनं कपात बघितलं. चहा एका बाजूला चढला होता. क्वालिटीचा माणूस तो, दोष लगेच ओळखला. पण मग त्यानं विचार केला, बोट जितकी तिरकी तितकं चालणं अवघड. असू दे!

आत्यानं पोहे संपवले, रुमालानं तोंड पुसलं, फेटा सावरला. अतुलला हे सगळं पाठ होतं. रुमालानंतर ते वाक्य येतं.

"पोरी, जरा..."

"आत्या, रंगीन दरवाजा बघ! किती रंगीन हाय!"

"बघितला. पोरी, जरा उठून..."

"आत्या, पेढे! पेढे राहिले की!"

"अजून कशाचे पेढे? गप बस. पोरी..."

"आत्या, साप!"

अकरा जणांनी एकदम मान वळवली. बोट आणखी कलली. आत्याच्या चपलंखाली पाणी आलं. साप नव्हता. बांबू होता.

"ह्या पोराला काय झालंय?" आत्या म्हणली. "पोरी, ऊठ. जरा चालून दाखव."

झालं! वाक्य आलं!

स्पीकरला काय त्याचं! "आता येतोय दिल्ली दरवाजा! शहराचा सर्वात मजबूत दरवाजा!"

सुकेशनीनं अतुलकडं बघितलं. पाणी मारून वजन वाढवलेल्या कापसाच्या गाडीकडं बघावं तसं बघितलं. अतुलच्या तोंडातले पोहे खाली जाईनात, वर येईनात. आपण बोलायला पाहिजे, हे त्याला कळत होतं. "आत्या, तिला चालवायचं नाय," येवढंच. चार शब्द. ते पोह्याच्या मागं अडकले होते.

"चालते ना," ती उठली. "आत्याबाईंची हौस राहायला नको. मग इथून आपला रस्ता येगळा."

"बाई, उठू नको!" मागून कलीमभाई.

एक पाऊल. दोन. तिसऱ्या पावलाला बोट कर्रर्र करून मुलाकडच्या बाजूला झुकली! काठावरून पाणी आत. छताचा पाइप दिल्ली दरवाजात घुसला, आणि शहराचा सर्वात मजबूत दरवाजा मधोमध तुटून बिभीषणरावांच्या डोक्यावर आला.

"बघ बाबा!" ते आतून म्हणले.

मोटर घरघरून बंद. जलपर्णी अडकली. कलीमभाई वळले, आणि त्यांना अकरा फेटे एका रांगंत दिसले.

"अरे अंकल! सब के सब एकीच बाजू कायकू बैठे? हिलो नक्को! मेरा हात मोटर में है, मैं छोड सकता नई! चार लोगां उधर जाओ! एकेक करके!"

कोण हलणार?

"मी मुलाचा थोरला काका," काका म्हणले. "मी तिकडं जाऊन बसू?"

"मी आत्ताच तिकडून आलेय," काकू म्हणल्या. "आता परत गेले तर लोक काय म्हणतील?"

"लोक कुठायत काकू? पाणीये!" अतुल किंचाळला.

आत्यानं पिशवी छातीशी धरली होती. पाणी घोट्याला लागलं होतं. अतुलनं तिला आयुष्यात पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं.

आता सगळे एकदम उठणार आणि सगळेच जाणार, अशी वेळ आली. आणि बोटीच्या मधोमध छताचा दांडा धरून उभी असलेली सुकेशनी बोलली. काट्यावरून ड्रायव्हरांना झापायचा आवाज होता तो.

"कुणी उठायचं नाय! मी नाव घेईन तोच उठंल!"

बाकाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिनं नजर फिरवली.

"तुमच्या बाकावर साडेसातशे किलो हाय. आमच्या बाकावर एकशे वीस. तीनशे पंधरा इकडं आलं पाहिजे. काका, तुम्ही चौऱ्याहत्तर, या. वाकून या. शाबास! काकू, एकसष्ट. या. ते मिशीवाले मेहुणे, अठ्ठ्याऐंशी. सावकाश, दाजी, सावकाश!"

एकेक माणूस पलीकडं गेला तशी बोट बोटाबोटानं वर यायला लागली. आता अतुलला राहवलं नाय. पोहे गिळून तो छाती पुढं काढून उभा राहिला.

"मी येतो!"

"बसा खाली. तुम्ही त्रेपन्न. तुमचा काय उपयोग नाय."

मग ती थांबली. कपाळाला आठी पडली.

"बायोडाटात पासष्ट लिहिलंय ना?"

बुडत्या बोटीत सगळ्यांनी अतुलकडं बघितलं. दरवाजाखालून बिभीषणरावांनीबी बघितलं. अतुल बसला.

"आत्याबाई," सुकेशनी म्हणली. "आता तुम्ही राहिलात. ब्याण्णव."

"अठ्ठ्याहत्तर!" त्याही अवस्थेत आत्या गरजली.

"पिशवी धरून ब्याण्णव. उठा आत्याबाई. चालत या."

आत्या उठली. बोट डचमळली. एक पाऊल टाकलं आणि ती तिथंच थिजली.

"मला नाय जमत ग. सगळे बघतेत."

"हां," सुकेशनी म्हणली. "बघतात."

आत्यानं वाकून स्वतःच्या पायांकडं बघितलं. मग बारीक आवाजात म्हणली, "मला तीनदा चालवलं होतं. तिसऱ्यांदा पायात बाभळीचा काटा होता. तशीच चालले."

"मग तुम्हाला तर सगळं माहितीच हाय की," सुकेशनी म्हणली, आणि तिनं हात पुढं केला.

आत्यानं तो धरला. तीन पावलं. पलीकडं सुलेखाबाईंनी सरकून जागा केली, आणि आत्या त्यांच्या नि सांडूमामांच्या मधे धप्पकन बसली. बोट एकदा हलली, दोनदा हलली, आणि सरळ झाली! कलीमभाईंनी मोटरीतून हातभर जलपर्णी उपसून फेकली.

"मेहरबान, कदरदान!" स्पीकर म्हणला. "सफर कशी वाटली, जरूर कळवा!"

काठाला लागल्यावर कलीमभाई म्हणले, "वैसे पानी उधर कंबर तकीच था."

"मग आधी सांगायचं ना!" अतुल ओरडला.

"पूछा कौन?"

काठाकडं परत येताना बाक तसेच राहिले होते. आत्या आणि सुलेखाबाईंना कन्नडच्या बाजारातली एक बांगडीवाली दोघींच्या ओळखीची निघाली. सांडूमामा आणि मिशीवाले मेहुणे एका ताटात पोहे खात होते. अतुलला मात्र कुणी काय विचारलं नाय. त्याच्या फेट्याचा तुरा भिजून नाकावर आला होता.

जीपमधे बसताना आत्यानं रिवाजाप्रमाणं तोंड उघडलं. "बरं, आम्ही कळवतो..."

"मी कळवते," सुकेशनी म्हणली.

आत्यानं तोंड मिटलं. मग पिशवीतली साडी काढून तिच्या हातात दिली. "ही ठेव. होकार दे नायतर नको देऊ. ही बोट वाचवल्याची."

दोन दिवस अतुल जेवला नाय. त्रेपन्नाचे बावन्न झाले असतील. मंगळवारी दुपारी, नटबोल्ट तपासताना मेसेज आला. तो वाचायला लागला. दोन खराब बोल्ट पास झाले, ते अजून कंपनीत कुणाला माहीत नाय.

"आत्याबाई एकदम पसंत. तुमच्या वजनात बारा किलोचा घोळ निघालाय आणि गरजंला तोंड उघडत नाय, असं मामा म्हणतात. माझं नाय म्हणणं नाय, पण एकदा नीट बघावं लागंल. येत्या रविवारी सोयगावला या. जिनिंगच्या गेटपासून काट्यापर्यंत चालून दाखवायचं. आई, मामा आणि हमाल बघतील."

तर सध्या परिस्थिती अशी हाय. अतुल रोज सकाळी सहा केळी खातोय. संध्याकाळी ड्यूटी सुटली की कंपनीच्या गेटपासून पार्किंगपर्यंत चालायची प्रॅक्टिस करतोय. बिभीषणराव मोबाइल धरून उभे असतात, आणि व्हिडिओ कॉलवर कन्नडहून आत्या बघती.

"परत माघारी चाल," ती म्हणती. "डावा पाय फेकतोस मेल्या. अशानं कोण पसंत करणार तुला?"