दामूतात्यांचं चरणं

आमचे शेजारी दामूतात्या आषाढ-श्रावणात रोज माळावर चरायला जातात. गुरं घेऊन नाही, स्वतःच. हातात विळा असतो म्हणून बरं, नाहीतर गावानं त्यांना एव्हाना दावणीला बांधलं असतं.

तीन पावलं चालायची, एक घासभर गवत कापायचं, झोळीत टाकायचं आणि पुढं सरकायचं. एका जागी दुसरा घास नाही. टाकळा दिसला की तोंड फिरवायचं, कारण गाय टाकळा खात नाही. दुपारी ऐनाच्या झाडाखाली बसून पान चघळतात. हाक मारली तर म्हणतात, "थांब रं, रवंथ करतोय."

मी एकदा त्यांना गवत कापायचं मशीन देऊ केलं. तात्यांनी त्याकडे टाकळ्याकडे बघावं तसं बघितलं. "मशीन समद्यांची हजामत सारखीच करतं. गाय निवडून खाती, बारक्या रोपांना उजेड ठेवती." कुठलाही प्रश्न आला की त्यांचं एकच, "गाय काय करंल ते बघ." शेलूला फ्लॅट घेऊ का, असं मी विचारलं तेव्हाही तेच. "गाय काय करंल? हुंगंल आन् पुढं जाईल." मी घेतला नाही. बायको अजून बोलते.

आमच्या लहानपणी या माळावर अख्ख्या गावाची गुरं चरायची. गवत घोट्याच्या वर जायचं नाही, आणि भादव्यात सगळा उतार तेरड्यानं गुलाबी व्हायचा. गौरीच्या दिवशी बायका-पोरी तिथलाच तेरडा उपटून गौर म्हणून घरी आणायच्या. काय दिवस होते! मग एकेका गोठ्यात मोटारसायकली आल्या. शेवटची गाय तात्यांची कपिला. ती गेली आणि दोन पावसाळ्यांत गवत छातीला लागलं, कडेनं घाणेरी घुसली, तेरडा त्याखाली गुदमरला.

त्या साली तात्यांची सुमी सासरहून, शेलूहून, गौर आणायला आली. सगळा माळ हिंडली आणि हात हलवत परतली. जाताना म्हणाली, "तात्या, पुढच्या वरसापासून मी तिकडं बाजारातूनच घेते. तुमी नका दगदग करू." तात्यांच्या घरच्या काकू तर आधीच वारलेल्या. पुढच्या आषाढात तात्यांनी विळा उचलला.

यंदा, तिसऱ्या वर्षी, तेरडा आला. फार नाही, खळ्याएवढ्या तुकड्यात. तात्या गावभर सांगत सुटले आणि काठी घेऊन राखणीला बसले. शेजारणी गेल्या तर त्यांच्यावरच डाफरले, "हात नाय लावायचा! सुमी येती हाय उपटाया." सुमीला फोन मीच लावून दिला होता. ती एवढंच म्हणाली होती, "बघते तात्या, सुट्टी मिळाली तर."

गौरीच्या दिवशी शेलूच्या बाजूनं, कशेळ्याकडून येणाऱ्या सगळ्या जीपा येऊन गेल्या. ऊन कललं तेव्हा तात्यांनी स्वतःच तेरडा उपटला आणि धुतलेल्या पंच्यात गुंडाळून घरी आणला.

आमच्याकडे गौर दारात आली की आतून विचारतात, "कोण आली?" बाहेरून आणणारी म्हणते, "गौराई आली." तात्यांच्या घरात विचारायला कोणी नव्हतं. ते उंबऱ्याबाहेर थांबले आणि त्यांनीच मोठ्यानं विचारलं, "कोण आली?"

मी आमच्या ओटीवर होतो. मला हसूच येणार होतं.

तेवढ्यात तात्या बारीक आवाजात म्हणाले, "सुमी आली."