आधी अबोला मोडा, मग गा

डिसेंबर लागला की आमचे शमुवेलभाऊ पेटी उघडण्याआधी माणसं उघडायला बसतात.

भद्रावतीतल्या आमच्या छोट्या ख्रिस्ती मंडळीच्या गायनपथकाचे ते प्रमुख. सगळी नोकरी कोळशाच्या खाणीवर हजेरी घेण्यात गेली. निवृत्त झाले तरी खोड काही गेली नाही. नाताळच्या आधीचे चार रविवार आम्ही आगमनकाळ पाळतो; उपासना आटोपली की तालीम. इतरांकडे तालमीत गाणं होतं. आमच्याकडे चौकशी होते. भाऊ पेटीच्या झाकणावर दोन्ही हात ठेवतात आणि चष्म्यावरून एकेकाकडे पाहत विचारतात, "कोनाशी बोलनं बंद हाये?"

ज्याचं बंद असेल त्यानं उठायचं, जाऊन अबोला मिटवायचा आणि मगच गायला यायचं. आधार शास्त्रातला, त्यामुळे वाद घालायची सोय नाही. आधी भावाशी समेट, मग देवाला अर्पण, हे आम्ही सगळ्यांनीच संडे स्कूलमध्ये पाठ म्हणून दाखवलंय आणि बक्षिसात पेन्सिली घेतल्यात. पण पाठ केलेलं वचन खरंच करून बघायचं असतं, हे खूळ फक्त भाऊंच्याच डोक्यात शिरलं. आमच्या मंडळीत चाळीस घरं. त्यांच्यातले अबोले मिटवले तर लोकांनी एकमेकांशी बोलायचं तरी कशाबद्दल?

यंदा पहिल्याच रविवारी शालिनीबाई उठल्या. त्यांची जाऊ इडलीपात्र घेऊन गेली होती आणि परत देताना एक थाळी कमी निघाली. त्याला दोन वर्षं झाली.

"भाऊ, थाळी तिनं हरवली, मी काऊन जाऊ?"

"थाळी तिच्याकडं हाये, खरकटं तुह्या मनात हाये," भाऊ म्हणाले. "खरकट्या ताटात देवाले वाढतेस काय?"

हे खरकटं म्हणजे भाऊंचा हुकमी एक्का. समोरचा त्यावर काय बोलणार? शालिनीबाई पदर खोचून निघून गेल्या, आणि वरच्या पट्टीत गाणारं आमचं एकमेव माणूस गेलं.

दुसऱ्या रविवारी दस्तुरखुद्द पाळकसाहेब उठले. त्यांचं आणि मंडळीच्या सेक्रेटरींचं मांडवाच्या रंगावरून बिनसलं होतं. दोघं एकाच बाकावर बसून एकमेकांना व्हॉट्सॲप करायचे. भाऊंनी दोघांनाही बाहेर काढलं, मागोमाग आणखी तिघांना. अकरा जणांच्या पथकात तिसऱ्या रविवारी पाच उरले. त्यातल्या एकाला ऐकू कमी येतं, म्हणून त्याची भांडणं लागत नाहीत. एक नवी सून, तिला अजून भांडायला फुरसत मिळालेली नाही. दोघं कुणाच्या अध्यात ना मध्यात. पाचवा मी.

मी ठणकावून सांगितलं, "आपलं कोनाशी काई नाई."

"वरोऱ्याले मोठा भाऊ हाये ना तुहा?"

सगळे खाली बघायला लागले. माझ्या भावानं पोरीच्या लग्नाची पत्रिका छापली आणि निमंत्रकांत माझं नाव घातलं नाही. सख्खा काका मी! साडू होता, साडूचा जावई होता, मी नव्हतो. मी लग्नाला गेलो, आहेर दिला, न जेवता परत आलो आणि तेव्हापासून त्याचा फोन उचललेला नाही. यात माझं काय चुकलं, हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही.

"घरच्या गोष्टी इथी नका काढू, भाऊ."

"मंग तू घरीच गा, परभाकर," भाऊ म्हणाले.

त्याच संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेलो. गेलो तो भांडायलाच. एकटा माणूस, दोन खोल्या, ओट्यावर एकच कप. मी उभ्या उभ्याच सुरू झालो. म्हटलं, नाताळ आठ दिवसांवर आलाय आणि चर्चमध्ये गायला चार माणसं आहेत. तुम्हाला पथक चालवायचंय की पंचायत? दुसऱ्याच्या मनातलं खरकटं दिसतं, मग सूर काऊन ऐकू येत नाही? शालिनीबाई वर चढतात तेव्हा बाहेरची कुत्री उठतात, आजवर एका शब्दानं टोकलंत? पेटीवर बसता ते काय हवा घालायला?

भाऊ रागावले नाहीत. म्हणाले, "बस."

मी बसलो नाही.

"आयकू येते ना मले. समदं आयकू येते. दाविद माहा लहान भाऊ. पथकात होता. सुरात नव्हता, पन लय जोरानं गाये. एका नाताळाले, समद्यांसमोर, म्हनलं त्याले, तू गाऊ नोको, घरी जाय. गेला. पोंभुर्ण्याले शेती पाहे, तिथीच राह्यला. बोलनं बंद."

"मग?"

"मंग काय. मी मोठा. म्या म्हनलं, येईन तो. दोन नाताळ वाट पाहून राह्यलो. मंग कावीळ झाली त्याले. मी पोचलो तवा मातीची तयारी झाली होती. कोनाची माफी मांगू, सांग?"

ज्याला मी आठवडाभर गावभर खुळा म्हणत होतो, त्याच्यासमोर मला माझी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं मी वरोऱ्याला गेलो. पत्रिकेचा राग गेला होता असं नाही, अजूनही गेलेला नाही. पण माझा थोरला भाऊ साठीला आलाय.

चौथ्या रविवारी तालमीला गेलो तर शालिनीबाई जावेसकट हजर होत्या. पाळकसाहेब आणि सेक्रेटरी तोंडानं बोलत होते. गाणं नेहमीसारखंच भिकार झालं. तालीम सुटल्यावर शमुवेलभाऊंनी मला हात धरून बाकावर बसवलं.

"गेलता?"

"गेलतो."

"दार कोनं उघडलं?"

"त्यानंच."

"पयले कोन बोललं?"

"तोच. काऊन आला म्हनला. मी म्हनलं, असाच. मग म्हनला, जेवूनच जाजो."

"जेवूनच जाजो म्हनला?"

"हो. वहिनीले हाक मारली, वांग्याची भाजी टाक म्हनला, याले आवडते."

भाऊंनी चष्मा काढला. डोळे मिटून ते हे सगळं ऐकत होते, जणू मी वरोऱ्याचं नाही, पोंभुर्ण्याचं सांगत होतो. माझी बस सुटायची वेळ, जेवायला कोण कुठं बसलं, त्यांना सगळं हवं होतं. सगळं सांगून संपलं तरी त्यांनी माझा हात सोडला नाही.

"परभाकर," ते म्हणाले, "दार उघडलं तिथून पुन्ना सांग."

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.