तिसऱ्यांदा विचारा!

एक गोष्ट छातीवर हात ठेवून सांगतो. ज्याला पंगतीत वाढता येतं, त्याला जगात कोणालाही काहीही शिकवता येतं! मी उकंडराव, एकोणसाठ वर्षांचा होईपर्यंत अंगठेबहाद्दर होतो. मग गावच्या प्रौढ वर्गात अक्षरं गिरवली, आणि एकदा गाडी उताराला लागल्यावर ब्रेक कुठला! सदुसष्टाव्या वर्षी मी एस्पेरांतो शिकलो.

घाबरू नका, रोग नाही, भाषा आहे. पोलंडकडच्या एका डॉक्टरने सव्वाशे वर्षांपूर्वी स्वतः तयार केलेली. नियम सोळा, अपवाद एकही नाही. आमच्या उंद्रीत ती मला सईदभाईने शिकवली. त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. रेडिओ आता कोणी आणत नाही, त्यामुळे वेळच वेळ!

या भाषेचा मोबाइलवर एक कट्टा आहे. जगभरचे नवशिके तिथे येतात, आणि त्यांच्याकडून बोलायचा सराव करून घ्यायला मदतनीस लागतात. मी नाव दिलं. कट्ट्याच्या कारभारीण फिनलंडच्या हेल्वीबाई. त्यांनी कळवलं, "सहा नवशिके देते. तीन महिन्यांनी परीक्षा घेईन. चार पास झाले, तर मदतनीसांच्या यादीत तुमचं नाव कायमचं लागेल."

यादीत नाव! अहो, आजवर माझं नाव कागदावर जिथे जिथे होतं, तिथे शेजारी निळा अंगठा होता. बिनअंगठ्याचं नाव मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. बाकी काही नको!

पहिल्या दिवशी ब्राझीलचा नेस्तोर मोबाइलच्या पडद्यावर समोर आला. धंद्याने न्हावी, चेहरा हसरा. मी साधंच वाक्य घेतलं, "नेस्तोर, चहा घेणार?"

"येस!"

येस म्हणजे हो. मी मोबाइलकडे बघतच राहिलो. पहिल्याच हाकेला हो? असा पाहुणा आमच्याकडे तीन पिढ्या लक्षात ठेवतात! भाषा बरोबर, पण माणूस वाया गेलेला! मी ठरवलं, आधी रीत, मग भाषा.

"नेस्तोर, नीट ऐक. पहिल्यांदा विचारलं की 'ने, ने, दांकोन' म्हणायचं. नाही, नाही, आभारी आहे. कपावर हात ठेवायचा. दुसऱ्यांदा विचारलं की 'खरंच ने, आत्ताच घेतला.' तिसऱ्यांदा विचारलं की मान खाली घालून 'इओमेते', म्हणजे थोडासा."

"पण मला चहा खरंच हवा असेल तर?"

"तर जास्त जोरात ने म्हणायचं!"

नेस्तोर बराच वेळ पापणी न हलवता बसला. मला वाटलं, नेटवर्क गेलं.

जपानच्या हिदेकोबाईला मात्र काही समजवावं लागलं नाही. ती पहिल्याच दिवशी सात वेळा ने म्हणाली आणि प्रत्येक वेळी वाकली. घराणं चांगलं असणार!

प्रौढ वर्गाची पद्धत मला पाठ होती. मी म्हणायचं, सगळ्यांनी मागून म्हणायचं. दोन महिन्यांत माझे सहाही नवशिके लग्नात रुसलेल्या जावयासारखे नकार देऊ लागले! माझी छाती फुगली.

एक दिवस हेल्वीबाईंचा निरोप आला. "तुमचे नवशिके दुसऱ्या गटांत येतात, पण बोलायला सांगितलं की नाही म्हणतात. त्यांना काही त्रास आहे का?"

मी लिहिलं, "त्रास नाही. संस्कार आहेत!"

उत्तरात बाईंनी नुसतं एक प्रश्नचिन्ह पाठवलं. मला ते कौतुक वाटलं.

परीक्षा रविवारी दुपारी होती. सईदभाई दुकान बंद करून माझ्या बाजूला येऊन बसला. परीक्षेच्या वेळी मदतनीसाचा आवाज बंद ठेवायचा, असा कट्ट्याचा कायदा.

हेल्वीबाई म्हणाल्या, "नेस्तोर, हा उतारा वाचता का?"

"ने, ने, दांकोन." नेस्तोरने समोरच्या पाण्याच्या ग्लासावर हात ठेवला.

"नक्की?"

"खरंच ने. आत्ताच वाचला."

"बरं," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी नेस्तोरच्या नावापुढे फुली मारली!

मी ताडकन उठलो. "अवो बाई! तिसऱ्यांदा इचारा ना! काऊन थांबल्या?"

"उकंडराव, काय कू चिल्लाते?" सईदभाईने मला खाली बसवलं. "तुमचा आवाज बंद हाय!"

दहा मिनिटांत सहाच्या सहा फुल्या! हिदेकोबाई तर फुली मारल्यावरही वाकत होती.

मग माझा आवाज सुरू झाला. बाई म्हणाल्या, "सहापैकी शून्य. उकंडराव, तीन महिने तुम्ही यांना शिकवलं तरी काय?"

मी पंगतीची रीत सुरुवातीपासून सांगितली. बाई वहीत लिहून घेत होत्या.

"म्हणजे नाही म्हणजे हो?"

"ने! नाही म्हणजे नाहीच. पण पहिलं नाही हे नाही नसतं."

"ये मेरेकू भी नै समझा," सईदभाई पुटपुटला.

"मग खरं नाही कोणतं, हे कसं ओळखायचं?"

"तोंडाकडे पाहून."

"आणि फोनवर?"

सदुसष्ट वर्षांत हे मला कोणी विचारलंच नव्हतं! माझ्या सासऱ्यांनी सोयरिकीला दोनदा नाही म्हटलं होतं, तिसऱ्यांदा हो. म्हणजे ती रीत होती, की त्यांना मी खरंच नको होतो?

बाई म्हणाल्या, "आमच्याकडे एकदा विचारतात. नाही म्हटलं की किटली उचलून नेतात."

"अन् पाहुणा तसाच कोरडा?"

"हो म्हटलं असतं तर चहा मिळाला असता."

यावर आम्ही दोघंही एकमेकांकडे माळ्यावरच्या घुबडांसारखे बघत बसलो.

पण बाई न्यायाची. परीक्षा पुन्हा घेतली, प्रत्येकाला तीनदा विचारून. तिसऱ्या हाकेला नेस्तोर "इओमेते" म्हणाला आणि अख्खं पान घडाघडा वाचून मोकळा! हिदेकोबाईला आठ वेळा विचारावं लागलं, पण वाचलं सर्वांत सुरेख. सहाच्या सहा पास!

"उकंडराव," बाई म्हणाल्या, "आता तुम्ही कायमचे मदतनीस व्हाल का?"

अहो, याचसाठी तर सगळा खटाटोप! पण माझं तोंड माझं ऐकेल तर शपथ! "ने, ने, दांकोन. माझी काय लायकी!"

सईदभाईने मला कचकन चिमटा काढला.

"नक्की?"

"खरंच ने. माझ्याहून मोठी माणसं आहेत."

हे मी काय बोललो! बाईंनी वही उघडली. एका ओळीवर बोट ठेवलं. मान वर केली.

"तिसऱ्यांदा विचारते. व्हाल?"

बाई शिकली! माझ्या हाताखाली शिकली! रीतीप्रमाणे मी मान खाली घातली आणि हळूच म्हणालो, "इओमेते."

दुसऱ्या दिवशी सकाळी यादी लागली. सईदभाई वाचायला लागला, पण मी त्याच्या हातून मोबाइल घेतला. बोट ठेवून एकेक अक्षर स्वतः वाचलं. उकंडराव, उंद्री, भारत. बाजूला अंगठा नाही. डोळे भरून आले, म्हणून खालची बारीक ओळ दिसायला जरा वेळ लागला.

"थोडीशी मदत करतील. महिन्यातून दहा मिनिटं."

सईदभाई स्टुलावरून पडता पडता वाचला!

'थोडंसं' म्हटलं की पळी भरून वाढायचं असतं, हे बाईंना सांगायचंच राहून गेलं होतं.

घरी येताना मी ठरवून टाकलं. आता आपणही फिनलंडची रीत धरायची! जेवायला बसलो. माझ्या बायकोने, अन्नपूर्णाबाईने विचारलं, "वांग्याची भाजी वाढू का अजून?"

"हाव, वाढ!" मी पहिल्याच हाकेला म्हणालो.

ती पळी धरून तशीच उभी राहिली.

"अवो, तुमी नाई म्हन्सान म्हून तं इचारलं! कढई कवाचीच रिकामी झाली."