शिट्टी ही घटना समजावी

आमच्या शेजारच्या घरातला कुकर एका सकाळी शिट्टी न देता झाकणाच्या कडेने वाफ सोडू लागला. प्रकार एवढाच होता. झाकणाचं रबर सैल झालं होतं, आणि तसली रबरं कोपऱ्यावरच्या भांड्यांच्या दुकानात खुंटीला टांगलेली असतात. त्या घरच्या वहिनींनी नवऱ्याला सांगितलं, "येताना रबर तेवढं घेऊन या." दुसऱ्या कुठल्याही घरात ही हकिगत इथेच संपली असती. परंतु वहिनींचे यजमान कारखान्यांतले बॉयलर तपासणारे अधिकारी आहेत. सगळी इमारत त्यांना बॉयलरसाहेब म्हणते, आणि वाफेचा संबंध असलेली कुठलीही बाब ते सहजासहजी सोडत नाहीत.

"रबर बदलणं म्हणजे वरवरची मलमपट्टी," बूट घालता घालता ते म्हणाले. "मुळाशी जायला हवं."

"खुशाल जा मुळाशी, पण संध्याकाळपर्यंत परत या," वहिनी म्हणाल्या. "आईंचं जेवण अडलंय."

ते खरोखरच अडलं होतं. साहेबांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणतो, त्यांचे उरलेसुरले दात दंतवैद्याने नुकतेच काढले होते. हिरड्या भरून आल्या की कवळी बसणार होती आणि तोवर फक्त मऊ खायचं होतं. आजींचा जन्म मटण खाण्यात गेलेला. नळी फोडून खाणारी बाई ती. आता त्यांची मागणी एकच होती, चमच्याने तुटेल इतकं मऊ मटण. ते कुकरशिवाय होण्यातलं नव्हतं. तोपर्यंत त्यांच्यापुढे दूध-पावाची वाटी येत होती, आणि आजी त्या वाटीकडे अशा बघत की वाटीलाच लाज वाटावी.

संध्याकाळी साहेब रबर न आणता आले. जुन्या कुकरला त्यांनी चारही बाजूंनी चिकटपट्टी लावली आणि "पुढील आदेशापर्यंत वापरास बंदी" असं त्यावर लिहून तो माळ्यावर चढवला. मग नवीन कुकर निवडण्यासाठी समिती नेमली. अध्यक्ष ते स्वतः. सदस्य त्यांचे मेहुणे, कारण मेहुण्यांना मोबाईलवर ग्राहकांचे अभिप्राय वाचण्याचा दांडगा अनुभव होता. आणि बाहेरचे तज्ज्ञ म्हणून मी. मी एकटा राहतो, दोन्ही वेळा खानावळीत जेवतो आणि मला चहाशिवाय काहीही करता येत नाही. त्यामुळे कुठल्याही कुकरकडे माझा कल असण्याची शक्यता नव्हती, आणि साहेबांच्या मते तज्ज्ञाला लागते ती हीच गोष्ट.

"आणि मी?" वहिनींनी विचारलं.

"तू वापरणारी. तुझे हितसंबंध गुंतलेले आहेत," साहेब म्हणाले.

वहिनी सरकारी दवाखान्यात परिचारिका आहेत. अशी उत्तरं त्या रोज ऐकतात, म्हणून वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी सरळ एक पातेलं काढलं आणि म्हणाल्या, "तुमची समिती चालू द्या. मी झाकण ठेवून मंद आचेवर शिजवते. वेळ लागेल, पण होईल."

साहेबांनी पातेलं हातातून काढून घेतलं. "अगं, तात्पुरती सोय केली की मूळ प्रश्नाची निकड संपते. मग समिती काम कशाला करेल?"

हा मुद्दा बिनतोड होता. आजींचं पोट रिकामं राहणं ही समितीची गरज असल्याचं मला तेव्हाच कळलं. पातेलंही माळ्यावर गेलं.

पुढच्या रविवारी समिती दुकानात गेली. दुकानदार हसतमुख माणूस होता. त्याने एक कुकर पुढे सरकवला आणि म्हणाला, "घरात माणसं किती?"

"आत्ताची की जास्तीत जास्त?" साहेबांनी विचारलं.

दुकानदाराचं हसू जरा मावळलं. साहेबांनी त्याला समजावलं की क्षमता नेहमी कमाल भारावर ठरवायची असते. मेहुणे सहकुटुंब आले, त्यांच्या सासरची मंडळी आली, त्याच दिवशी गावाकडचे चुलते टपकले, तर? मेहुण्यांनी आपण इतके कधीच येत नाही असं सांगून पाहिलं. "येऊ शकता ना?" साहेब म्हणाले. त्या हिशेबाने जो कुकर निघाला त्यात आजी स्वतः बसू शकल्या असत्या. तो उचलायला दोन माणसं लागतात म्हटल्यावर समितीने किमान भाराचाही विचार केला. किमान भार म्हणजे घरात कोणीच नसणं. त्याला लागणारा कुकर दुकानदाराकडे नव्हता.

मग झाकण आत बसणारं की बाहेरून बसणारं, हा प्रश्न आला. आतलं सुरक्षित, पण काढताना मनगट वाकडं करावं लागतं. बाहेरचं सोपं, पण सोपं आहे म्हणून माणूस निष्काळजी होतो. स्टील घ्यावं तर बुडाला लागतं, ॲल्युमिनियम घ्यावं तर मेहुण्यांनी त्याबद्दल काहीतरी भयंकर वाचलं होतं. काय वाचलं होतं ते त्यांना आठवत नव्हतं, पण भयंकर होतं हे नक्की.

"दाजी, या कुकरला एका बाईने एकच तारा दिलाय," मोबाईल नाचवत मेहुणे म्हणाले.

"का?"

"खोकं फाटलेलं आलं म्हणून."

"म्हणजे खोकं दाब सहन करू शकलं नाही," साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि तो कुकर बाद झाला.

अशा रीतीने बहुतेक कुकर बाद होत गेले. एकाची शिट्टी कर्कश, एकाची नाजूक. एकाचा दांडा लाल रंगाचा होता आणि लाल म्हणजे धोका, तर धोकादायक वस्तू विकतच का घ्यायची? दुकानदाराने शेवटी हात टेकले आणि तो जेवायला निघून गेला. समितीनेही जेवण केलं. खानावळीतलं मटण, खरं सांगायचं तर, लोण्यासारखं शिजलं होतं. आजींची आठवण आम्हा सगळ्यांनाच आली, पण समितीचं काम अर्धवट सोडून डबा नेणं बरं दिसलं नसतं.

पुष्कळ फेऱ्यांनंतर एकदाचा कुकर ठरला आणि घरी आला. तोपर्यंत बातमी इमारतभर पसरली होती. जिन्यात लोक मला अडवून विचारत, "काय हो, साहेबांनी शेवटी कुठला घेतला?" बॉयलरचा अधिकारी जो कुकर घेईल तो विचार करूनच घेईल, म्हणून कित्येकांनी आपली खरेदी थांबवून ठेवली होती. समितीच्या निष्पक्षतेसाठी मी तोंडाला कुलूप लावलं होतं.

आजींचा जीव भांड्यात पडला. त्या स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "लाव आता लवकर. माझ्या हिरड्यांनासुद्धा मटणाचा वास यायला लागलाय."

"आई, आधी जलदाब चाचणी," साहेब म्हणाले.

कुकरात फक्त पाणी भरून तो उकळण्यात आला. पाणी उत्तम शिजलं. आजींनी त्यातलं चमचाभर चाखलं आणि मीठ कमी असल्याचं सांगितलं. नंतर चालकाच्या प्रमाणपत्राचा विषय निघाला. अप्रशिक्षित माणसाच्या हाती दाबाखालचं भांडं देता येत नाही, म्हणून साहेबांनी वहिनींची तोंडी परीक्षा घेतली.

"भांड्यातला दाब पुरेसा झाला हे कशावरून ओळखाल?"

"वासावरून," वहिनी म्हणाल्या.

"आणि अन्न शिजलं हे?"

"आवाज बदलतो त्याचा. अहो, लग्न झाल्यापासून लावतेय मी कुकर!"

"म्हणजे इतकी वर्षं विनापरवाना," साहेब म्हणाले, आणि त्यांनी वहिनींना नापास केलं. घरात पास झालेला माणूस एकच उरला. त्याला कांदाही चिरता येत नव्हता आणि तो दिवसभर कारखान्यांत असे. आजींची दूध-पावाची वाटी चालू राहिली. त्यांचे गाल बसले, बांगड्या कोपरापर्यंत जाऊ लागल्या, आणि मला त्यांच्याकडे बघवेना.

अखेर तो दिवस उजाडला. वहिनींनी मटणाला मीठ-मसाला लावून दिला आणि साहेबांनी हातमोजे घालून कुकर शेगडीवर चढवला. घरभर वास सुटला. आजी चमचा हातात धरून टेबलाशी बसल्या. समिती दाराशी उभी होती. कुकर गुरगुरला, थरथरला आणि त्याने एक खणखणीत शिट्टी दिली.

साहेबांनी झडप घालून शेगडी बंद केली. "सगळे बाहेर!"

आम्ही जिन्यात उतरलो. आजींना मेहुण्यांनी खुर्चीसकट उचललं. चमचा त्यांच्या हातातच होता.

"अहो, झालं काय?" वहिनींनी विचारलं.

"झडप उघडली! दाब मर्यादेबाहेर गेल्याशिवाय झडप उघडत नाही. आमच्या खात्यात झडप उघडली की ती घटना समजतात. घटना घडली की संच बंद करायचा आणि चौकशी लावायची."

"अहो, कुकर आहे तो! शिट्टी होणारच. मटणाला तर चांगल्या सात-आठ लागतात!"

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे तू एका जेवणासाठी सात-आठ घटना घडवून आणतेस?"

चौकशी झाली. मटण बाहेर काढण्यात आलं तेव्हा ते वातड होतं. साहेबांच्या मते ते घटनास्थळावरचा पुरावा होतं, वहिनींच्या मते कच्चं होतं. आजींनी एक तुकडा तोंडात धरून पाहिला, या गालातून त्या गालात फिरवला आणि शेवटी परत वाटीत ठेवला. मग चमचा पुसून बाजूला ठेवला. मला मनापासून राग आला. समितीचा सदस्य असल्यामुळे तो कोणावर काढायचा हे मात्र सुचलं नाही.

चौकशीचा निष्कर्ष असा निघाला की शिट्टी टाळता येते. आच इतकी मंद ठेवायची की शिट्टी होण्याची वेळच येऊ नये. त्या दिवसापासून कुकर नित्यनेमाने चढू लागला आणि शिट्टीचा आवाज काही झाला नाही. आत जे काही घातलं जाई ते गरम होऊन, पण आपला मूळचा स्वभाव न सोडता बाहेर येई. वाटाणे ताटलीत उड्या मारत. बटाटा सुरीला दाद देत नसे. परंतु घटनांची संख्या शून्य होती, आणि साहेबांनी ती खडूने स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवली.

शून्य पाहून इमारत भारावली. आपापल्या घरी रोज किती घटना घडत होत्या या विचाराने लोकांच्या तोंडचं पाणी पळालं. रहिवासी संघाने सभा भरवली आणि सगळ्या इमारतीत शिट्टी वाजू न देण्याचा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात संमत झाला. कोणाच्या स्वयंपाकघरातून शिट्टी ऐकू आली तर शेजारी दार ठोठावून खाली मान घालायला लावत. हळूहळू सगळी इमारत शांत झाली. जेवणाच्या वेळी फक्त चावण्याचा आवाज येई. तळमजल्यावरच्या शिंप्याचा जबडा धरला, गच्चीखालच्या प्राध्यापकांची दाढ हलली, साहेबांकडे जेवायला आलेल्या मेहुण्यांच्या पुढच्या दाताचा टवका उडाला. दंतवैद्याकडे रांग लागली. त्याला इतकं काम पूर्वी कधी मिळालं नव्हतं, त्यामुळे तो खुशीत येऊन आजींची कवळी स्वतः घरपोच द्यायला आला.

कवळी झकास बसली. आजींनी ती दोनदा वाजवून पाहिली आणि जोरात हसल्या.

त्याच संध्याकाळी समितीची शेवटची बैठक झाली. लाभार्थी आता काहीही चावू शकत असल्यामुळे मऊ अन्नाची गरज समाधानकारकरीत्या संपुष्टात आली आहे, आणि हे संपूर्ण काम एकही अपघात न होता पार पडलं आहे, असा अहवाल साहेबांनी वाचून दाखवला. आम्ही सदस्यांनी त्याला एकमुखाने मान्यता दिली. रहिवासी संघाने साहेबांचा सत्कार केला. टाळ्या वाजवणाऱ्यांत गालाला रुमाल बांधलेले पुष्कळ होते.

समिती बरखास्त झाल्यामुळे ही हकिगत सांगायला मी आता मोकळा आहे आणि मी ती बऱ्याच ठिकाणी सांगितली आहे. ऑफिसात, खानावळीत, दंतवैद्याच्या रांगेत. लोक पोट धरून हसतात. साहेबांना नावं ठेवतात, समितीला नावं ठेवतात. आणि हसून झाल्यावर डोळे पुसत सगळे न चुकता एकच गोष्ट विचारतात, "ते असू दे, पण त्यांनी शेवटी कुकर कुठला घेतला? स्टीलचा की ॲल्युमिनियमचा?"

आजींना मटण मिळालं की नाही, हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. तुम्ही विचारणारच होतात, याची मला खात्री आहे. त्याआधी फक्त तुम्हाला कुकरचं नाव कळलं असतं तर बरं झालं असतं, एवढंच.