दाजींना मी दिलेली इंग्रजी पदवी

इंग्रजीत माझा हात धरणारा माणूस आमच्या गावात नाही! कट्टा गावातल्या शाळेत वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवतोय मी. त्यामुळे शेजारच्या दाजींच्या मुलीच्या, दिव्याच्या, लग्नाची बोलणी करायला जामसंड्याहून पाहुणे येणार म्हटल्यावर दाजी हक्कानं माझ्याकडेच आले.

"मास्तरांनू, नवरो झील इंजिनीर आसा, त्याची भयण कॉलेजात शिकयता. तुमी माझी वळख करून देवा. एखादो इंग्रजी शब्द टाका दणदणीत!"

दाजी किनाऱ्यावर पर्यटकांना घोड्यावरून फिरवतात. घोड्याचं नाव राजा. राजा शिंकला तर दाजी स्वतःचं नाक पुसतील, इतका जीव! अशा माणसाला नुसतं 'घोडेवाले' म्हणणं बरं दिसेना. मी मोबाइल काढला. 'हिप्पो' म्हणजे ग्रीकमध्ये घोडा, एवढं मला ठाऊक होतं. पुढे बरेच शब्द आले. त्यातला सर्वांत भारदस्त उचलला. अर्थ कशाला बघायचा? घोडा आला, म्हणजे प्रेम आलंच!

रविवारी ओसरी पाहुण्यांनी भरली. आतून मटणाचा आणि वड्यांचा वास सुटलेला. मी उभा राहिलो, घसा खाकरला.

"आमचे दाजी म्हणजे साधेसुधे गृहस्थ नव्हेत. या किनाऱ्यावरचे ते एकमेव हिप्पोफॅजिस्ट आहेत!"

दाजींनी हात जोडून मान डोलावली. माझ्या बायकोनं, रसिकानं, टाळ्या वाजवल्या. नवऱ्या मुलाची बहीण प्रियांका मात्र खेकडा चावल्यासारखी दचकली. तिनं मोबाइलवर काहीतरी पाहिलं आणि वडिलांच्या कानाला लागली. वडिलांनी अंगणातल्या रिकाम्या तबेल्याकडे नजर टाकली.

"घोडो खंय आसा, दाजीनू?"

"राजा? तो आज शुभकार्यात कामाक इलो!" दाजी छाती फुगवून म्हणाले.

कट्ट्याला एका नवरदेवाला मिरवायला राजा गेला होता. पण ते पाहुण्यांना कुठं ठाऊक! तेवढ्यात दाजींच्या सौभाग्यवती, प्रेमलतावहिनी, ताटं घेऊन आल्या.

"मटान... कसला ह्या?" मुलाच्या आईनं चाचरत विचारलं.

"घरचाच! ह्येंनी पोरासारखो वाढवल्यानी. कापताना रडले ओ!"

वहिनी बोकडाबद्दल बोलत होत्या. मुलाच्या आईनं पदर तोंडाला लावला. नवरा मुलगा निकेत याचा पहिला घास तोंडात गेलेला. तो गिळेना आणि थुंकेना! वडील ताडकन उठले.

"आमचो आज उपास आसा."

"रविवारी?" दाजी चक्रावले.

"सगळ्यांचोच!"

शेवटी प्रियांकानंच फोड केली. "काका, त्या शब्दाचा अर्थ घोड्याचं मांस खाणारा!"

"मी? माझ्या राजाक?" दाजी ओरडलेच. मग त्यांनी कट्ट्याला व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, आणि त्याच्याखाली झूल घातलेला, अगदी धडधाकट राजा!

वडिलांनी निरखून पाहिलं. "ह्यो आसा. पण ह्येच्या आधीचे खंय गेले?"

मी हात जोडले. "चूक माझी. मला घोडेप्रेमी म्हणायचं होतं. शब्द चुकला!"

"मास्तरांनू, पांघरूण घालू नकात! जल्मभर इंग्रजी शिकयणारो माणूस असलो शब्द चुकात कसो?"

घ्या! माझाच लौकिक माझ्या आड आला! पाहुणे चपला शोधायला लागले. दाराआड दिव्या रडत उभी. ही पोर माझ्या हाताखाली शिकलेली.

प्रियांकाला काय वाटलं कोण जाणे, ती उंबऱ्यात थांबली. "बरं सर, एक सोपा शब्द विचारते. व्हेजिटेरियन म्हणजे काय?"

बालवाडीतलं पोरही सांगेल! दिव्यानं माझ्याकडे पाहिलं. मी सगळ्या अब्रूवर पाणी सोडलं आणि छातीठोकपणे म्हणालो,

"भाजीवाला!"

मग निकेतचे वडील असे हसले, की ओसरीवरचा झोपाळा हलला. "वाढा ओ मटान! ह्या मास्तराक काय्येक येणा नाय!"

निकेतनं तो घास गिळला. पाहुणे असे जेवले, की वहिनींना वड्यांचं पीठ पुन्हा मळावं लागलं. तुळशीच्या लग्नानंतरची तारीखही ठरली. कोणी माझी पाठ थोपटेना. उलट जो तो मला बघून हसत होता. हसू देत! निदान घरी एक माणूस तरी माझा त्याग ओळखेल!

रसिकाबरोबर मी घरी निघालो. फाटकाशी आल्यावर तिनं मायेनं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"मनाक लावन घेव नकात. पण व्हेजिटेरियन म्हणजे शाकाहारी ओ. उद्या पोरांका शिकवच्या आधी जरा माका इचारीत जावा!"